डावा आधी

शनिवार, ८ फेब्रुवारी २००३. नोएडा, पहिला मजला, मागची खोली.
हजर: मी, माझी ज्युनियर, मास्टरजी. दुपारी दोननंतर मालक. चार वाजता लिफ्ट कंपनीचे इंजिनियर येणार. वीज आळीपाळीने हजर.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. कुणी जप करतं, कुणी स्वेटर विणतं, मी याद्या करते. काम झालं की पुढे बरोबरची खूण. ती खूण करताना मला होणारा आनंद माझ्या नवऱ्याने पाहिला आहे आणि त्याला तो थोडा काळजी करण्यासारखा वाटतो.

हजर मंडळींची ओळख करून देते. मास्टरजी म्हणजे सोल्डरिंगचे उस्ताद. गाझियाबादहून सायकलवर यायचे, मफलर मार्चपर्यंत सोडायचे नाहीत, आणि मुगाच्या दाण्याएवढी चिप चिमट्यात धरून श्वास न घेता जागेवर बसवायचे. ज्युनियर म्हणजे चोवीस वर्षांची मराठी मुलगी, जन्म दिल्लीतला, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. मालक पंजाबी, त्यांना सगळे सरजी म्हणत. आणि मी चौतीस वर्षांची, पुण्यात शिकलेली, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आलेली. मुलगा शाळेत जायला लागेपर्यंत सहा वर्षं घरी होते, आणि आता चार्टर्ड बसने रोज यमुना ओलांडून नोकरीला येत होते.

आमची छोटी कंपनी लिफ्टमध्ये बसवायचे डबे करायची. आकडा दाखवणारा आणि मजला बोलून सांगणारा डबा. तेव्हा नोएडा-गाझियाबादकडे शेतांतून बारा-बारा मजले उगवत होते. प्रत्येक इमारतीला लिफ्ट हवी होती आणि लिफ्टला बोलता यायला हवं होतं, कारण शेजारच्या बिल्डरची बोलत होती.

आता त्या दिवशी पणाला काय लागलं होतं ते सांगते. आमचा स्टोर सांभाळणारा माणूस दिवाळीनंतर पानिपतला सासऱ्यांच्या चादरींच्या धंद्यात गेला होता. तेव्हापासून मालकांची नजर माझ्या वहीवर होती.

"मैडम, आपकी लिस्टें देखता हूँ तो मन करता है पूरा स्टोर आपको दे दूँ। इतनी सफ़ाई! इंजिनियर तो और मिल जाएँगे।"

मी हसून सोडून द्यायचे. पण जानेवारीच्या शेवटी ते हसले नाहीत. नवा डबा चालत नव्हता आणि दोन आठवडे गेले होते. म्हणाले, पुढच्या शनिवारी चार वाजता लिफ्टवाले येतील, त्यांच्यासमोर डबा चालला तर तुम्ही याच खोलीत, नाही चालला तर डिझाइन बंद आणि सोमवारपासून तुम्ही स्टोरमध्ये. पगार तोच, खुर्ची उलट जास्त चांगली. एवढं सौम्यपणे सांगितल्यामुळे भांडायलाही काही जागा उरली नव्हती. स्टोरचं काम वाईट नाही. पण सहा वर्षांनी हातात परत आलेली सोल्डरिंग गन खाली ठेवून स्क्रूंची पाकिटं मोजायला बसायची कल्पना केली की माझी रात्रीची भाजी खारट व्हायची.

डब्याचं दुखणं साधं होतं. त्यातला प्रोसेसर हुशार, पण विसरभोळा. वीज गेली की तो सगळं विसरतो: आपण कोण, कुठे, काय करायचं. वीज आली की त्याने शेजारच्या आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपकडून सगळा प्रोग्रॅम मागून घ्यायचा. ती मेमरी सीरियल, म्हणजे एका तारेवरून एकामागून एक ठोके देत सांगणारी. एकदा ऐकून झालं की तो कामाला लागतो. आमच्याकडे तो कॉम्प्युटरची केबल लावली की झकास बोलायचा, कारण मग प्रोग्रॅम आम्हीच त्याच्यात ओतायचो. केबल काढली, बटण बंद करून चालू केलं, की ठोंब्या. आता लिफ्टमध्ये कॉम्प्युटर कोण बसवून ठेवणार?

सकाळी साडेनऊला मी पाटीवर यादी लिहिली. विजेचा दाब. जोडण्या. मेमरी बदलून पाहणे. प्रोसेसर बदलून पाहणे. मेमरीत भरलेलं आणि कॉम्प्युटरमधली फाइल अक्षरन्‌अक्षर जुळतं का. आणि शेवटी: डावा आधी?

या शेवटच्याबद्दल थोडं सांगायला हवं. प्रोसेसर एका वेळी दोन बाइट जोडून एक शब्द समजतो. त्या दोनांतला कुठला आधी पाठवायचा, हे प्रोसेसरच्या माहितीपुस्तकात एका आकृतीत दिलं होतं: शेजारी शेजारी दोन चौकोन, आणि पहिल्या क्रमांकाचा बाण डावीकडच्यावर. आमच्याकडे होती त्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. चौकोनांवरची इंग्रजी नावं मुंग्या चिरडल्यासारखी झाली होती, फक्त चौकोन आणि बाण दिसत होते. म्हणून मेमरीसाठी फाइल करायला बसलेल्या ज्युनियरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डावा आधी." मराठीत का? कारण हळदीकुंकवाला तिच्या आईने माझा हात धरून सांगितलं होतं, "तिच्याशी मराठीतच बोला हो, अगदी विसरत चाललीय." मी ते वहीत लिहिलं होतं, आणि वहीत लिहिलेलं मी पाळते.

दुपारी एकपर्यंत पाटीवरच्या सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या. मेमरीत भरलेलं फाइलशी जुळत होतं. शेवटची ओळ आली.

"डावा आधी केलायस ना?"

"हो ताई, डावाच आधी."

खूण. त्याच प्रश्नाचं तेच उत्तर मला तीन आठवड्यांत तीनदा मिळालं होतं, आणि तीनही वेळा मी समाधानाने खूण केली होती.

जेवण आम्ही गच्चीवर उन्हात केलं. मास्टरजींनी भुईमुगाच्या शेंगांची पुडी उघडली आणि ज्युनियरने जाहीर केलं की ताई स्टोरमध्ये गेल्या तर ती रोज एक रेझिस्टर मागायला येईल, लेखी अर्ज घेऊन. "तीन प्रतींत," मी म्हटलं. "और मैं टाँका लगाने से पहले मैडम से पूछूँगा, राँगा कितने इंच मिलेगा," मास्टरजी म्हणाले. राँगा म्हणजे सोल्डरची तार. हसू येत होतं, पण मी सारखी घड्याळ बघत होते.

दोनला मालक आले, पाटीवरच्या खुणा पाहिल्या, बंद डबा पाहिला.

"सब पे टिक है, तो फिर चलता क्यों नहीं?"

मला राहवलं नाही. ज्युनियरकडे वळून मी पुटपुटले, "झालं आपलं पानिपत."

मालकांचे कान एकदम टवकारले. "पानिपत? उससे बात हुई क्या? वापस आ रहा है?"

"नाही... नहीं सरजी, वैसे ही।"

"पूछना तो डबल बेड का कंबल क्या भाव देगा," म्हणत ते केबिनमध्ये गेले. ज्युनियरने टेबलाखाली तोंड घातलं. पानिपत होणं म्हणजे काय हे मात्र तिला बरोबर माहीत होतं.

अडीच. दीड तास उरला. मी ऑसिलोस्कोप पुढे ओढला. तारेतून जाणारे ठोके पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. बटण दाबलं की दिसायचं: प्रोसेसर जागा होतो, मेमरीकडे मागतो, बरोबर दोन बाइट घेतो आणि गप्प. पुढे सरळ रेघ. दोन घास खाऊन ताटावरून उठणाऱ्या पोरासारखं. पहिल्या दोन बाइटमध्ये एक ठरलेली खूण असते. ती पटली तरच तो पुढचं ऐकतो. म्हणजे त्याला खूणच पटत नव्हती. का, ते पाहायला मेमरी नेमकं काय बोलते ते ठोक्याठोक्याने उतरवून घ्यायचं ठरवलं. मी कागद-पेन्सिल घेतली आणि ऑसिलोस्कोपची सुई ज्युनियरच्या हातात दिली.

"डावीकडच्या रांगेत, वरून दुसरा पाय. त्याच्यावर धर."

तिने धरली. मी बटण दाबलं. पडद्यावर काहीच नाही, नुसती वर चढलेली रेघ. मी वाकून पाहिलं तर बाईसाहेबांनी सुई उजवीकडच्या पायावर धरली होती.

"अगं, डावीकडे."

"डावीकडेच आहे, ताई."

"डावीकडे गं!"

"डावीकडेच तर आहे! इससे ज़्यादा डावीकडे मेज़ ख़त्म हो जाएगी!"

मास्टरजींनी मान वर न करता म्हटलं, "बिटिया, मैडम कुछ और कह रही हैं।"

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मी माझा डावा हात वर केला. "हा कुठला?"

"लेफ्ट."

"मराठीत?"

"मराठीत... लेफ्टच म्हणतात ना? आमच्या घरी तरी लेफ्टच म्हणतात."

"मग डावा म्हणजे?"

"राइट. दायाँ. डावा." आणि माझा चेहरा पाहून ती घाईघाईने समजावून सांगायला लागली, जणू मीच दिल्लीत वाढले होते. "ताई, हिंदीत दाल, मराठीत डाळ. मग हिंदीत दायाँ, मराठीत डावा. सिंपल आहे."

नियम इतका सुरेख होता की अर्धा सेकंद मलाही तो पटला.

"आणि उजवा?" मी विचारलं. "उजवा शब्द कधी ऐकलाच नाहीस?"

"ऐकलाय ना. उजवा म्हणजे कडक. स्ट्रिक्ट वाला."

"कोणी सांगितलं तुला?"

"आई म्हणते की! उजव्या सोंडेचा गणपती आहे, जरा सांभाळून, सोवळ्यात करावं लागतं."

मी खुर्चीत बसले. आधी एक विचित्र आवाज माझ्या घशातून आला, आणि मग जे हसू सुटलं ते थांबेना. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि तिने "हाय राम, डावा आधी!" म्हणून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्टरजींना हिंदीत सांगायचा मी प्रयत्न केला, पण 'गणपति की सूँड' याच्यापुढे मला जाता येईना. ते गन बाजूला ठेवून म्हणाले, "सूँड भी लगानी है क्या बोर्ड पे?" मग तर आम्ही दोघी टेबलाला धरून उभ्या राहिलो.

तीन आठवडे! मी डावा म्हणत होते, ती उजवा करत होती, आणि दोघी एकमेकींशी पूर्ण सहमत होतो. प्रत्येक बाइटची जोडी उलटी भरली होती. मेमरीसाठी केलेली फाइलच उलटी, म्हणून मेमरी फाइलशी तंतोतंत जुळत होती; केबलने जायचा तो प्रोग्रॅम वेगळा, सरळ. माझी प्रत्येक खूण खरी होती. गेलेल्या आठवड्यांत आम्ही दोन प्रोसेसर बदलले होते, चार मेमऱ्या, आणि पॉवर सप्लायचा एक बिचारा विक्रेता, ज्याला मी फोनवर बरंच काही बोलले होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने ती ओळ बदलली, मी तिच्या खांद्यावरून बोट ठेवून "हा, हा, हा चौकोन" असं म्हटलं आणि कुठलीही भाषा वापरली नाही. मेमरी नव्याने भरायला चहा उकळण्याएवढा वेळ लागला. मास्टरजींनी चिप बसवली. केबल काढली. कॉम्प्युटर बंद केला, म्हणजे पुढे कुणी शंका काढायला नको. मग मी ज्युनियरला म्हटलं, "तू दाब." ती म्हणाली, "तुम्ही." मास्टरजी म्हणाले, "लाओ," आणि त्यांनीच दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग डब्यावर लाल आकडा उजळला आणि डबा स्वच्छ, सभ्य आवाजात म्हणाला, "तीसरी मंज़िल।"

आवाज ज्युनियरचाच होता, आम्ही तो स्टोरमधल्या खोक्यांच्या मधे बसून भरला होता. स्वतःचा आवाज ऐकून ती किंचाळली. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत डबा तिसरा मजला सांगत होता आणि आमचं त्याबद्दल काहीही म्हणणं नव्हतं.

पुढच्या अर्ध्या तासाचा हिशेब माझ्या वहीत नाही. आम्ही बटण बंद करत होतो, चालू करत होतो. "तीसरी मंज़िल।" पुन्हा. "तीसरी मंज़िल।" मग रांग लावली, एकेकाला एक पाळी. मग चाचणीसाठी लावलेलं मजला निवडायचं चक्र फिरवून सगळी इमारत चढलो. बाराव्या मजल्यावर ज्युनियर खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "ताई, इथून तुमचं क्वार्टर दिसतंय!" मास्टरजींनी मफलर सावरून डब्याला विचारलं, "भाईसाहब, छत कितनी दूर है?" तळमजल्यावर मी बाहेर पडल्यासारखं करून दार उघडलं, तर समोर मालक उभे.

"क्या हो रहा है?"

"ग्राउंड फ्लोर, सरजी," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं की नाही हे कळलं नाही, पण डबा आवडला. त्यांनी स्वतः चार वेळा बटण दाबलं. चौथ्यांदा कुणी बघत नाही असं समजून. मग मी चक्र परत तीनवर आणलं आणि डबा चालूच ठेवला.

बरोबर चारला लिफ्टवाले इंजिनियर आले. स्थूल, मितभाषी गृहस्थ, स्वेटरवर स्वेटर. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हटलं, आणि बटणाकडे हात नेला, तेवढ्यात वीज गेली.

पंखा नव्हता म्हणून आवाजही थांबला नाही, फक्त खोली राखाडी झाली. जनरेटर शनिवारी चालवायचा नाही हा मालकांचाच नियम. ते छताकडे बघत राहिले. ज्युनियरने माझी शाल मुठीत धरली. लिफ्टवाले बसले आणि म्हणाले, "हमारी सोसाइटी में भी यही हाल है। दिन में चार-पाँच बार।" मी मनात स्टोरची खुर्ची कुठल्या भिंतीला लावायची हेही ठरवून टाकलं. खिडकीजवळ, उजेडाला.

दहा मिनिटं झाली असतील. ट्यूबलाइट फडफडली, विझली, पुन्हा फडफडली. ती नीट लागण्याआधीच, कुणाचा हात कुठेही नसताना, टेबलावरून शांतपणे आवाज आला:

"तीसरी मंज़िल।"

लिफ्टवाले उठून उभे राहिले. "अपने आप?"

"अपने आप," आम्ही तिघं एका सुरात.

"ट्यूबलाइट से पहले!" त्यांनी डबा उचलून खालून पाहिला, केबल शोधली, नाही सापडली. "यही तो चाहिए था। लाइट आती है, लिफ्ट चल पड़ती है, और हमारा पुराना डब्बा गूँगा बैठा रहता है। लोग ग़लत मंज़िल पे उतरकर झगड़ते हैं।" मग त्यांनी चहा घेतला. दोन कप. मालकांनी केबिनमधली काजूची बरणी बाहेर काढली, जी आम्ही फक्त काचेतून पाहिली होती, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "स्टोर के लिए आदमी ढूँढते हैं फिर।"

मी एक काजू घेतला. ज्युनियरने मूठभर.

जाताना लिफ्टवाल्यांनी एक फॉर्म दिला. तीन आठवडे उशीर झाला होता, त्यांच्या ऑफिसला कागद हवा होता. त्यावर तीन रकाने होते: बिघाड काय होता, उपाय काय केला, मूळ कारण काय. पहिले दोन मी तिथेच, उभ्या उभ्या, सुवाच्य अक्षरात, मुद्दे पाडून लिहिले. तिसऱ्याशी पेन थांबलं.

"लिहा ना ताई, लँग्वेज प्रॉब्लेम," ज्युनियर कुजबुजली.

"विचारतील कुठली लँग्वेज. सी की सी प्लस प्लस?"

"मग लिहा, उजव्या सोंडेचा..."

"गप्प बस."

मालक खांद्यावरून डोकावले. दोन भरलेले रकाने पाहिले, मुद्द्यांचे आकडे पाहिले, पट्टीने मारलेली रेघ पाहिली, आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. "वाह मैडम! इतना साफ़ काम! मैं तो अब भी कहता हूँ, स्टोर..."

मी फॉर्म त्यांच्या हातात जाण्याआधी घडी करून पर्समध्ये टाकला. "अभी अधूरा है, सरजी। सोमवार को देती हूँ।"

सोमवारी दिला नाही. मंगळवारीही नाही. लिफ्टवाल्यांना डबे मिळाले आणि ते फॉर्म विसरले. मालक विसरले नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे, "मैडम, वो फॉर्म?" मी म्हणायचे, "कारण की जाँच चल रही है।" मग ते मान हलवायचे आणि स्टोरचा विषय निघायचा नाही. एक फॉर्म वेळेवर पूर्ण न करणारी बाई स्टोर काय सांभाळणार? मी तिथे आणखी अकरा वर्षं काम केलं, सगळी त्याच मागच्या खोलीत, हातात गन घेऊन.

कंपनी आता नाही. मालक मुलाकडे असतात. मागच्या महिन्यात कुणाच्या तरी लग्नात भेटले, काठी होती हातात. माझ्या मुलाला म्हणाले, "तेरी मम्मी बढ़िया इंजिनियर थी। बस काग़ज़ में ढीली।" माझा मुलगा इतक्या जोरात हसला की पंगतीतले लोक वळून बघायला लागले. आता सांगायला हरकत नाही असं वाटलं, पण त्यांच्या ताटात गुलाबजाम होते आणि गोष्ट लांब होती.

घरी येऊन फॉर्म काढला. घडीवर फाटत आलाय. दर नव्या वहीत ते काम मी पुढे उतरवत आले आहे, आणि आजच्या यादीत ते गॅस सिलिंडर आणि पाण्याची टाकी यांच्या मधे आहे: तिसरा रकाना, मूळ कारण लिहिणे. सिलिंडर झाला. टाकीवाला आत्ताच येऊन गेला.